फोटोच्या जागी एक ओळ

आमच्या भागात माणूस गेला की तिरडीच्या बांबूआधी फ्लेक्सवाल्याला फोन जातो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मागे ढग लागतात, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली शोकाकुल म्हणून सगळी गल्ली. माझा धाकटा भाऊ फ्लेक्सवाला होता. कवठे महांकाळला त्याचं दुकान होतं, आमच्या गावापासून गाडीवर थोड्या वेळात पोचता येईल असं. वाढदिवस, निवडी, लग्नं, द्राक्षावरच्या औषधांच्या जाहिराती आणि गेलेली माणसं, सगळं एकाच मशीनवर छापून निघायचं.

गेलेल्या माणसांचं काम सगळ्यात किचकट. कारण आपल्याकडे माणूस एकटा उभा राहून फोटो काढून घेतच नाही. कुणाच्या तरी लग्नातला नाही तर वास्तुशांतीतला फोटो येणार, आणि त्या घोळक्यातून गेलेल्याला कापून बाहेर काढायचा. कितीही नीट कापला तरी खांद्यावर शेजारच्याची चार बोटं राहायचीच. ती घालवायची म्हणजे शर्टाचा रंग उचलून बोटांवर फासायचा. चौकड्याचा शर्ट असला की भाऊ डोक्याला हात लावायचा.

“आक्का, माझा निम्मा दिवस मेलेल्या माणसांच्या खांद्यावरचं हात काढण्यात जातूय बघ,” असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. सुट्टीला गेले की त्याच्या दुकानात बसून मीही थोडेफार हात काढले आहेत. शिकवलं त्यानंच.

मग तो गेला. ऊसतोडीचे दिवस होते, दिवेलागणीची वेळ होती, रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती आणि तिच्या मागे लाल दिवा नव्हता. मला एवढंच सांगता येतं. त्याचा फ्लेक्स त्याच्या दुकानातल्या जोडीदारानं केला, त्याच्याच कॉम्प्युटरवर, त्यानंच करून ठेवलेल्या ढगांवर. वेशीत तो लागला तेव्हा मी जाऊन बघितला. मला काय दिसलं, तर वरच्या ओळीतली अक्षरं जरा जास्त डावीकडे सरकली आहेत. भावानं असं जाऊ दिलं नसतं, असं मनात आलं आणि मी घरी आले.

मला रडू येत नव्हतं. बायका कुजबुजत होत्या की पोरीला मोकळी करा, नाहीतर आत साठून राहील. एका आत्यानं तर त्यासाठी मला दोन्ही दंडांना धरून हलवलं. मी हलले आणि परत बसले. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर आपल्याच गालाला हात लावून बघावा तसं सगळं झालं होतं. गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही. भूल दोन तासांत उतरते, माझी उतरेना.

मी मिरजेत राहते. तिथल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते. नाव, वय, गाव, कशासाठी आलात, पुढच्या खिडकीवर जा. हे काम करायला आतून काही वाटावं लागत नाही, त्यामुळे मी पंधरवड्यात कामावर हजर झाले आणि सगळे म्हणाले, धीराची आहे. दुकान बंद झालं तेव्हा मशीन जोडीदारानं घेतलं आणि भावाचा कॉम्प्युटर माझ्या खोलीवर आला. तो कोपऱ्यात टॉवेल पांघरून बसायचा. संध्याकाळी मी त्याच्याकडे बघायचे आणि तो माझ्याकडे. शेवटी खिडकीवरची माझी सोबतीण कंटाळली आणि मला वेब पेज शिकवणाऱ्या एका क्लासात नेऊन बसवून आली.

क्लास तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत होता, एका दुकानाच्या माडीवर. खाली भोपळे वाळत पडलेले असायचे आणि कुणीतरी एकच तार तासभर छेडून छेडून सुरात आणत असायचं. वर आम्ही कोड लिहायचो. मला ते बरं वाटलं. टॅग उघडला तर बंद करायचा, विसरलं तर पेज मोडतं, परत जाऊन शोधायचं. त्यात कुणी ‘धीर धरा’ म्हणत नाही. शेवटी प्रत्येकानं आपल्या आवडीच्या विषयावर एक पेज करून दाखवायचं होतं. कुणी हॉटेल घेतलं, कुणी बेदाणा घेतला, एकीनं मेंदीच्या नक्ष्या घेतल्या. मला आवडीचं काही सुचेना, म्हणून मी भाऊ घेतला.

इथं मी जी चूक केली ती फ्लेक्सवाल्याच्या बहिणीनंच करावी. मला डिझाईन म्हणून एकच गोष्ट येत होती. मी भावाचा कॉम्प्युटर उघडला, त्याच्या फ्लेक्सची फाईल घेतली, ढग ठेवले, फोटो ठेवला, आणि त्याच्याबद्दल जे लिहायचं ते त्या जाड, झोकदार अक्षरांत तिथंच लिहिलं. ती फ्लेक्सची अक्षरं वेबवर चालत नाहीत, म्हणून सगळं मिळून एक चित्र केलं. पेजमध्ये ते एकच चित्र टाकलं. खाली आणखी एक, त्याच्या दुकानाचं. झालं पेज.

क्लासच्या सरांनी ते भिंतीवर मोठं करून दाखवलं. ढगांवर पिवळी अक्षरं होती, मधे भाऊ हसत होता. सर म्हणाले की फार छान दिसतंय. दिसतंय हे खरंच होतं. सरांचा काही दोष नाही, चांगला माणूस आहे. एका संध्याकाळी जाता जाता त्यांनी सांगितलंही होतं की चित्राच्या टॅगमध्ये एक जागा असते, चित्र ज्याला दिसणार नाही त्याच्यासाठी त्यात काय आहे ते लिहायची. पण ती मोकळी ठेवली तरी पेज चालतं, असंही ते म्हणाले होते, आणि आम्ही सगळ्यांनी हे दुसरं वाक्य लक्षात ठेवलं.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे आमचे वडील, फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना झालं, नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरलं, आणि मग तेही गेलं. भावानं त्यांच्या फोनमध्ये बोलणारी सोय चालू करून दिली होती. पडद्यावर बोट सरकवलं की जे असेल ते फोनमधली बाई वाचते, दोनदा टिचकी मारली की उघडते. आप्पांनी ते रायफल उघडून जोडायला शिकावं तसं शिकून घेतलं. बातम्या, हवामान, द्राक्षाचा बाजार, नातेवाइकांचे निरोप, सगळं त्या बाईकडून. आई म्हणायची, “बोलाय लागली बघा माझी सवत.” आप्पा म्हणायचे, निदान ती उलटं बोलत न्हाई.

त्या बाईवर आप्पांचा माणसांपेक्षा जास्त भरवसा होता, आणि त्याला कारण होतं. भावाला घरी आणलं तेव्हा येईल तो त्यांना सांगत होता की तोंडाला काही लागलेलं नाही, झोपल्यागत दिसतोय. आप्पांनी हात पुढे केला तर दोघातिघांनी तो मधेच धरला. त्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं. मला त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय बोलले असते कोण जाणे. नंतर एकदा ते एवढंच म्हणाले, “मानसं माझ्या तोंडाकडं बघून बोलत्यात. बाई न्हाई बघत. लिवलंय ते वाचती.”

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा दुकानातल्या जोडीदाराचा फोन आला की प्रथम पुण्यस्मरणाचा फ्लेक्स मी माझ्याकडून लावतो, मोठा लावतो. आप्पांनी नको म्हणून सांगितलं. त्यांना दिसत नाही, गाव बघून विसरणार, वाऱ्यानं फाटला की लोक त्याचा गोठ्याला आडोसा करणार. मग म्हणाले, आक्का फोनवर उघडायचं काहीतरी करतीया म्हणं, ते मी ऐकीन. वर्षभरात आप्पांनी स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट. आईनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी बरं म्हणाले. माझ्या डोक्यात काही आलंच नाही. भिंतीवर एवढं मोठं, एवढं छान दिसलेलं पेज ते ऐकतील कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

रविवारी गावी गेले आणि दोघांच्या फोनवर लिंक पाठवली. आईनं आधी उघडलं. क्लासच्या रुंद पडद्यासाठी केलेलं पेज तिच्या फोनवर आगपेटीवरच्या चित्राएवढं झालं होतं. तिनं बोटांनी ओढून मोठं केलं तर भावाचा कान तेवढा आला. मग ती कानावरून ढगात गेली, ढगातून परत यायला तिला वाट सापडेना. पिवळी अक्षरं उन्हात तिला दिसलीच नाहीत. इथं काही लिवलंय का, असं तिनं विचारलं.

आप्पा सोप्यात बाजेवर बसले होते. ताठ बसले होते, टोपी घालून. त्यांनी पेज उघडलं, बोट सरकवलं आणि बाई बोलली, “चित्र. फायनल, फायनल, न्यू, दोन.” मी फाईलला दिलेलं नाव. म्हणजे भावाच्याच पद्धतीचं, तो सगळ्या फाईलींना असलीच नावं द्यायचा. आप्पांनी परत बोट सरकवलं. “चित्र. दुकान, फायनल.” आणखी सरकवलं, तर फोननं पेज संपल्याचा टक्क असा आवाज केला. ते पहिल्यापासून परत गेले, कदाचित आपलंच बोट चुकलं असेल म्हणून. फायनल, फायनल, न्यू, दोन.

“संपलं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की मजकूर चित्रात आहे, मी वाचून दाखवते. ते नको म्हणाले. तू वाचलंस तर तुझ्या तोंडचं हुईल, असं काहीसं ते पुटपुटले, फोन खिशात घातला आणि शेरडाला पाला टाकायला उठले. भिंतीला हात लावत लावत ते परड्याकडे गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त समजलं, की आपलं पेज त्यांच्यासाठी कोरं आहे.

मिरजेला परत येऊन मी ते पेज मोडलं. ढग काढून टाकले. चित्रातला मजकूर पुन्हा साध्या अक्षरांत टाईप केला, पांढऱ्यावर काळा, म्हणजे आईला उन्हात दिसेल. सरांना विचारलं तर त्यांनी बसून सगळं सांगितलं, जरा ओशाळून. मथळ्याला नुसतं मोठं आणि जाड करायचं नाही, मथळा म्हणून टॅग द्यायचा, म्हणजे न बघणाऱ्या माणसाला एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. पडद्याची रुंदी असेल तेवढ्यात बसायला पेजला एका ओळीत सांगता येतं. ही ओळ माझ्या पेजमध्ये नव्हती. फ्लेक्स एकदा आठ बाय दहा म्हटला की आठ बाय दहाच. वेब पेजनं लग्नघरातल्या पाहुण्यासारखं मिळेल त्या जागेत अंग चोरून बसलं पाहिजे. मी रुंदीचे आकडे काढून त्या जागी टक्के टाकले, खिडकी ओढून बारीक केली, मोठी केली. मजकूर न कुरकुरता खालीवर सरकत राहिला.

मजकुरात मी काही मोठं लिहिलं नव्हतं. शाळा कुठली, दुकान कधी टाकलं, ट्रॅक्टरवर नावं रंगवण्यापासून सुरुवात कशी केली, मशीन चालू असताना शीळ घालायचा, वांगं खायचा नाही. दवाखान्याच्या खिडकीवर विचारून विचारून मला अशीच वाक्यं येतात. दुकानाच्या फोटोची ओळ तर लगेच लिहून झाली. लोखंडी शटर, वर निळा बोर्ड, दारात मोटारसायकल.

राहिला भावाचा फोटो. ती मोकळी जागा. फोटो ज्याला दिसणार नाही त्याला त्यात काय आहे ते सांगायचं. सर म्हणाले थोडक्यात लिहा, वाचणाऱ्याला कंटाळा येऊ नये. मी आधी ‘भावाचा फोटो’ एवढंच लिहिलं. मग मनात आलं, हे तर आप्पांना माहीतच आहे. फोटोत काय आहे हे सांगायचं तर फोटोकडे बघावं लागणार होतं. गेलं वर्षभर मी तो शंभर ठिकाणी बघितला होता आणि एकदाही नीट बघितला नव्हता. मी बघितला. नाक, डोळे, केस. जेवायची वेळ टळून गेली तरी मी बघत होते आणि मला फक्त नाक, डोळे, केस दिसत होते. शेवटी अपघाताचे पेशंट येतात तेव्हा ओळखीच्या खुणा लिहायच्या असतात तसं लिहून टाकलं: पांढरा शर्ट घातलेला तरुण हसतो आहे, कपाळावर कुंकू, उजव्या भुवईवर जुना व्रण. वाचून बघितलं. एकही शब्द खोटा नव्हता. बाई वाचू शकेल असं होतं.

वर्षश्राद्धाला घर भरलं होतं. पंगत उठली, पाहुणे पांगले, आई भांड्यांच्या राड्यात होती. आप्पा म्हणाले, दाव आता. ते बाजेवर बसले, मी खाली जोत्यावर. त्यांनी पेज उघडलं आणि बोट सरकवलं.

या वेळी बाई बोलायला लागली. भावाचं नाव तिनं मथळा म्हणून वाचलं. शाळा वाचली, ट्रॅक्टर वाचले. वांग्याचं वाक्य आलं तेव्हा आप्पांच्या ओठाची कड हलली. ते एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर गेले, परत मागे आले, वाटेत कुठं अडखळले नाहीत. स्वतःच्या रानात फिरावं तसे ते त्यात फिरत होते, कुणाचा हात न धरता. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मग फोटो आला. पांढरा शर्ट घातलेला तरुण हसतो आहे, कपाळावर कुंकू, उजव्या भुवईवर जुना व्रण.

आप्पा थांबले. त्यांनी ती ओळ परत लावली, आणि परत.

“ह्यो कुठला फोटो?”

मी म्हटलं, औंधचा. यमाईच्या डोंगरावर गेलो होतो तो. फ्लेक्सला वापरला तोच.

“त्यो मी काढलाय.”

“व्हय.”

“मग तुझा हात कुठं हाय?”

मला कळेना. त्यांनी स्वतःच्या डाव्या खांद्यावर उजवा हात ठेवून दाखवला. “हितं. त्याच्या खांद्यावर तुझा हात हाय. चढून दमली हुतीस, त्याला धरून उबी हुतीस. बाई ते बोलली न्हाई.”

मी सांगितलं की फ्लेक्सला एकट्याचा फोटो लागतो म्हणून कापला होता, आणि मी तोच कापलेला घेतला. जोडीदारानं काम चांगलं केलं होतं, पांढरा शर्ट म्हणजे सोपंच. बोटांचा मागमूसही नव्हता. मी इतका वेळ त्या शर्टाकडे बघत बसले होते आणि मला माझा हात आठवला नव्हता.

“फ्लेक्स मेलेल्या मानसाचा आसतूय,” आप्पा म्हणाले. “मी फोटू काढला तवा त्यो मेला न्हवता.”

त्यांचा आवाज चढला नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं. दारातली आई आत निघून गेली. मला वाटलं आप्पा आता फोन खिशात घालतील, पण त्यांनी तो माझ्याकडे केला. मूळ फोटो ह्यातच हाय, बघ, म्हणाले. त्यांच्या फोनमध्ये काही शोधायचं म्हणजे बाई प्रत्येक पावलाला बोलते. मी बोट सरकवत गेले आणि ती फोटो, फोटो, फोटो म्हणत गेली. फार फोटो नव्हतेच. आप्पांना मधलं तेवढं दिसत होतं त्या दिवसांतले, सगळे असेच, मधलं माणूस धरून बाकीचं सोडून दिलेले. औंधच्या फोटोत देवळाचं शिखर अर्धं कापलं गेलं होतं. पायऱ्या तिरक्या आल्या होत्या. मधे आम्ही दोघं.

मी वर्षभरानं स्वतःला बघत होते. केस विस्कटलेले, तोंड लाल, दम लागून अर्धवट उघडलेलं. एक हात कमरेवर, दुसरा त्याच्या खांद्यावर. आधार म्हणूनच धरला होता, माया वगैरे काही नाही. आणि तो हसत होता ते माझ्याकडे बघून. कापलेल्या फोटोत तो कुणाकडे बघून हसतोय हे कळत नव्हतं, ढगांकडे बघून हसल्यासारखा दिसायचा. त्या दिवशी वर पोचताना तो म्हणाला होता की आक्का, तुला आता पाटीत घालून खाली न्यावं लागंल. ते मला तिथं जोत्यावर बसल्या बसल्या आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी मिरजेला आले, दवाखान्यातून सुट्टी वाढवून घेतली आणि कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला. कापलेला फोटो काढून आप्पांच्या फोनवरून घेतलेला मूळचा टाकला. मोबाईलवर नीट बसतो का बघितला. मग ती जागा मोकळी केली आणि नव्यानं लिहिलं. सरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा लांब झालं, होऊ दे म्हटलं.

आईला फोन लावला आणि म्हटलं, आप्पांना पेज उघडायला सांग, तू फोन जवळ धर. तिनं धरला. आधी शेरडू ओरडल्याचं ऐकू आलं, मग आप्पांच्या बोटाचे टक् टक्. मग लांबून, आईच्या फोनमधून, त्यांच्या फोनमधल्या बाईचा तो सपाट आवाज. तिला कुणाचं काही वाटत नाही. ती वाचत होती:

“औंध, यमाईच्या पायऱ्या, ऊन आहे. पांढऱ्या शर्टातला भाऊ बहिणीकडे बघून हसतो आहे. ती चढून दमली आहे. तिचा हात त्याच्या डाव्या खांद्यावर आहे. फोटो वडिलांनी काढला आहे.”

मग आप्पांचा आवाज आला, फोनपासून लांबून, मला ऐकू यावा म्हणून जरा मोठ्यानं.

“आक्का, त्यो हात आता काढू नगंस.”

मला रडू आलं. आत्यानं हलवलं तेव्हा यायला हवं होतं ते आत्ता आलं, टॉवेल हातात होता म्हणून तोच तोंडावर धरला. सगळी भूल उतरली असं काही मी म्हणणार नाही, संध्याकाळी परत तसंच वाटत होतं. पण त्या वेळी माझ्या तळहाताला त्याचा खांदा लागला, घामानं ओला झालेला शर्ट आणि आतलं हाड. तिकडे आप्पांनी बोट मागे सरकवलं असणार, कारण बाईनं औंधपासून परत सुरुवात केली. ती खांद्यापर्यंत यायची वाट बघत मी फोन कानाला लावून उभी राहिले.